खोल पाण्याची हिरवी पट्टी

झराया परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा तिची आजी नेहमीच्या जागी, म्हणजे पाण्यापासून जितके दूर बसता येईल तितके दूर, कुंपणाला पाठ लावून बसली होती. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मे महिन्यात वसाहतीचा पोहण्याचा तलाव उघडला, त्या दिवसापासून व्हर्लीन टॉलिव्हर याच खुर्चीत, याच पद्धतीने बसत आली होती. ऑगस्ट संपत आला तरी पाण्याचा एक थेंबही तिच्या बुटांपर्यंत पोहोचला नव्हता.

परीक्षा तशी सोपी होती. उथळ टोकाकडून निघायचे, मध्ये कुठेही काठाला किंवा दोरीला न धरता खोल टोक गाठायचे आणि तिथे एक मिनिट जागच्या जागी तरंगत राहायचे. जमले की मनगटावर हिरवी पट्टी, आणि मग खोल पाणी आपले. ज्यांना जमत नसे त्यांची पट्टी लाल, आणि जागा उथळ पाण्यात, दंडांना फुगे बांधलेल्या दोन-तीन वर्षांच्या बाळांमध्ये. झराया आठ वर्षांची होती आणि वयाच्या मानाने उंच. तिथले पाणी तिच्या मांड्यांपर्यंतच येई. त्या बाळांमध्ये ती बगळ्यासारखी उभी राहून खोल पाण्याकडे पाहत असे.

आजही तिने सुरुवात झकास केली. दहा-बारा हात अगदी सरळ रेषेत. मग, जुलैतल्या परीक्षेत झाले होते तसेच, ती हळूहळू उजवीकडे कलू लागली. कोणी कानाला धरून ओढून नेत असावे तशी. पाण्याचा रंग जिथे गडद होतो तिथे ती दोरीवर जाऊन आदळली आणि डाव्या हाताने दोरीला लटकून राहिली.

व्हर्लीन खुर्चीतून अर्धी उठली होती. नातीचे डोके पाण्यावर दिसले तशी ती परत बसली. सारा उन्हाळा ती अशीच, खुर्चीत बसल्या बसल्या, नातीबरोबर श्वास रोखत आणि सोडत आली होती.

हॅली तिच्याकडे आली. एकोणीस वर्षांची गोरी पोरगी, नाकावर पांढरे मलम फासलेले, खांदे उन्हाने लाल झालेले. पोहायला शिकवून ती कॉलेजचा खर्च काढत होती. "मिस व्हर्लीन," ती गुडघ्यांवर बसत म्हणाली, "मला खरंच कळत नाहीये. पाय छान मारते, श्वास छान घेते. डावा हात तर पुस्तकात छापावा असा. पण उजव्या हाताची मूठच सोडत नाही. ‘बोटं उघड’ म्हटलं की मान हलवते आणि पाण्यात उतरली की परत मूठ. मुठीनं पाणी ओढलं जात नाही हो, मग ती वळत जाते."

"घाबरत असेल."

"मलाही आधी तेच वाटलं. पण घाबरलेलं मूल दोन्ही मुठी आवळतं. ही एकच आवळते."

झराया टॉवेल गुंडाळून शेजारी उभी होती. भर उन्हात तिचे दात वाजत होते.

"शेवटची परीक्षा पुढच्या शनिवारी," हॅली म्हणाली. "सोमवारी तलाव बंद होतो. त्यानंतर एकदम पुढच्या मे महिन्यात."

"पुढच्या मे महिन्यात मी येणारच नाही," झराया म्हणाली. "कधीच येणार नाही. ती हिरव्या पट्टीवाली मॅडी म्हणते, तू बालवाडीची बाई आहेस का."

व्हर्लीनने टॉवेलचे टोक नातीच्या हनुवटीखाली घट्ट खोचले. या मुलीने हे सोडून देता कामा नये, एवढे एकच तिला कळत होते. टॉलिव्हरांच्या घरात पंचावन्न वर्षांत कोणी पाण्यात उतरले नव्हते. तिनेच कोणाला उतरू दिले नव्हते. मुलगा रेनार्ड, झरायाचा बाप, शाळेत असताना वर्गाची सहल तळ्यावर निघाली की ती त्याला ताप आहे असे लिहून चिठ्ठी पाठवी. आज तो बेचाळीस वर्षांचा होता, गावातल्या इस्पितळात एक्स-रे काढत होता, आणि बाथटबमध्येदेखील पाय लांब करून बसत नव्हता. आपण मुलाला काय दिले हे व्हर्लीनला पक्के ठाऊक होते. म्हणूनच झरायाने पोहायला शिकायचा हट्ट धरला, तेव्हा घरातले सगळे तिच्या तोंडाकडे बघत असताना ती म्हणाली होती, "मी नेईन तिला."

निघताना फाटकाबाहेर आल्यावर झरायाला आठवले की पोहण्याचा चष्मा आतच राहिला. ती उलट पळाली. फाटकाशी छत्रीखाली मिसेस स्टॅनफिल बसल्या होत्या. वसाहतीच्या समितीवर त्या होत्या, आणि शनिवारी स्वखुशीने दारावर बसत. तेवढ्यात पिंगट केसांची दोन मुले ओल्या पायांनी थपाथप करत त्यांच्या पुढून आत गेली. एकाच्या हातात आइस्क्रीम होते, दुसऱ्याच्या हातात काहीच नव्हते.

"थांब हं राणी," मिसेस स्टॅनफिल झरायाला म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीच साखरेत घोळलेला असे. "तू इथलीच ना? कार्ड आहे?"

दोन मिनिटांपूर्वी हीच मुलगी याच दारातून बाहेर पडली होती. पण झरायाचा उजवा हात कळ दाबावी तसा वर गेला. हातात कार्ड. खेळाच्या पत्त्याच्या निम्म्या आकाराचे, पांढरे, वसाहतीचा शिक्का आणि घराचा नंबर असलेले.

"छान. सहज विचारते हं, व्हर्लीन, मनावर घेऊ नका," त्या बाहेर उभ्या असलेल्या आजीकडे बघून हसल्या. "नियम सगळ्यांना सारखेच."

गावातल्या लहानथोर सगळ्यांसाठी ती मिस व्हर्लीन होती. एकतीस वर्षे तिने सरकारी शाळेच्या स्वयंपाकघरात गावच्या दोन पिढ्यांना जेवू घातले होते. मिसेस स्टॅनफिलच्या दोन्ही मुलांनी तिच्या हातचे मक्याचे पाव खाल्ले होते. तरी तिने मान डोलावली. खरे सांगायचे तर त्या क्षणी तिला राग आला त्याहून जास्त समाधान वाटले. शिकवलेले पोरीने लक्षात ठेवले होते. शोधाशोध नाही, चाचपणे नाही, हात समोर आणि उघड्यावर.

हे शिक्षण तिला तिच्या आईने दिले होते. दुकानात शिरलीस की हात खिशात घालायचे नाहीत. घ्यायची नसेल त्या वस्तूला बोट लावायचे नाही. आणि पावती घेतल्याशिवाय, हातात दिसेल अशी धरल्याशिवाय, दाराबाहेर पाऊल टाकायचे नाही. आई नुसती एक रीळ घेऊन निघाली तरी पावती झेंड्यासारखी धरून चाले, आणि दुकानातली विशीतली पोरगी तिला ‘ए, थांब गं’ म्हणे. त्या गोष्टीला आता साठ वर्षे होत आली. काळ्यांनी मागच्या दाराने यावे ही दुकानावरची पाटी निघाली, दुकानही गेले. पण व्हर्लीनच्या पर्समध्ये आजही रबरात बांधलेल्या पावत्या असत, आणि मे महिन्यापासून त्यांत रेनार्डच्या घराच्या कागदांची प्रत आणि विजेचे बिल यांची भर पडली होती. रेनार्ड तिला चिडवी, "आई, १९८८ सालच्या फ्रीजची पावती अजून जपून ठेवलीयेस. तो फ्रीज भंगारात जाऊन तीन राष्ट्राध्यक्ष झाले." ती म्हणे, "उद्या कुणी विचारलं तर?"

घरी गेल्यावर व्हर्लीनने झरायाला आंघोळ घातली आणि व्हॅसलिनची बाटली घेऊन पलंगाच्या कडेला बसली. तलावातल्या औषधाने अंग राखेसारखे कोरडे पडते. तसे अंग घेऊन तिच्या घरातले मूल दाराबाहेर जाणे शक्य नव्हते. कोपरे झाले, गुडघे झाले. झरायाचा डावा हात झाला. उजव्या हाताचा तळवा उघडला आणि ती थांबली.

तळव्यावर एक सरळ वळ उठला होता. अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत, मधोमध, लालसर. टोकाला कातडी जराशी सोलवटली होती. आजच्या वळाखाली जुन्याची खूण होती, आणि तिच्याखाली त्याहून जुन्याची.

"हे काय गं?"

"कार्डाचं."

"कार्डाचं कसं? कार्ड पोहण्याच्या कपड्याच्या पट्ट्यात खोचतेस ना?"

"चालताना खोचते," झराया समजावणीच्या सुरात म्हणाली. "पाण्यात ते निसटतं. एकदा निसटलं होतं जूनमध्ये, पार तळाशी गेलं. हॅलीला पायानं काढावं लागलं. म्हणून उडी मारायच्या आधी हातात घेते."

"पोहताना हातात घेतेस? परीक्षेतसुद्धा?"

"तूच तर सांगितलंस." झरायाने आजीकडे जरा नवलाने पाहिले. "गाडीत, पहिल्या दिवशी. कार्ड हातातून सोडायचं नाही. काहीही झालं तरी. कुणी विचारलं की लगेच दिसलं पाहिजे."

व्हर्लीनला तो दिवस आठवला. मिसेस स्टॅनफिलनी पहिल्यांदा विचारले तो दिवस. गाडीचे दार लावून, नातीचा पट्टा बांधून, तिचे तोंड आपल्या दोन्ही हातांत धरून तिने हेच शब्द उच्चारले होते. किल्ली फिरवण्याआधी तिच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतले होते.

"हॅलीला का नाही सांगितलंस बाळा?"

"ती म्हणाली असती, ठेव तिकडे काठावर. आणि मग मी आत असताना कुणी विचारलं असतं तर?"

व्हर्लीनने तो तळवा पुन्हा आपल्या हातात घेतला. व्हॅसलिन लावून झाले होते, तरी ती बराच वेळ त्या वळावरून अंगठा फिरवत राहिली.

"दुखतंय का, आजी?"

"तुझा हात आहे, मला का दुखेल?"

"तुझं तोंड तसं झालंय."

रेनार्ड संध्याकाळी वसाहतीत एक फेरी मारून आला, तेव्हा ती स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. तिने त्याला सगळे सांगितले. तो मध्येच हसला, मग हसू तोंडावरच राहिले आणि तो आईसमोर खुर्ची ओढून बसला. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता, आणि गळ्यात इस्पितळाचे ओळखपत्र लोंबत होते. त्यावर फोटो, नाव, हुद्दा.

"हे फिरायला जाताना कशाला घालतोस?" तिने विचारले.

त्याने ते हातात धरून बघितले. गळ्यात आहे हे त्याच्याही ध्यानात नसावे. "सवय."

"कुणी लावली?"

"कुणी म्हणजे? तूच की." तो हसला, पण प्रेमाने. "घर घेतलं त्या महिन्यात माझ्याच अंगणात पाणी घालत होतो, तर पोलिसांची गाडी येऊन थांबली. कुणीतरी फोन केला होता. पोलीस बरा होता बिचारा, दोन वाक्यं बोलून गेला. तेव्हापासून घालतो. तुला सांगितलं नव्हतं मी."

"नाही सांगितलंस."

"तू मला घर विकायला लावलं असतंस."

तिने एक शेंग मोडली, दाणे वाटीत टाकले. "मी चुकले का रे? पोरीला ते सांगून?"

"काय सांगणार होतीस दुसरं? की हात मोकळे सोड, तुला इथं कोणी काही विचारणार नाही? पुढच्याच मिनिटाला विचारलं असतं."

"म्हणजे खरं सांगून तिला बुडवायची, नाहीतर खोटं सांगून तरंगवायची."

"आई," रेनार्ड तिच्या पुढ्यातली वाटी आपल्याकडे ओढून स्वतः शेंगा सोलू लागला, "मी सांगू? राहू दे हे. पोहता आलं नाही म्हणून माझं काय अडलं?"

व्हर्लीनने त्याच्याकडे पाहिले. मोठा, देखणा, पाण्याला भ्यालेला तिचा मुलगा. "तुझं नाही अडलं," ती म्हणाली. "तुला मी पाण्याजवळ जाऊच दिलं नाही म्हणून नाही अडलं."

रविवारी चर्चहून आल्यावर तिने झरायाला समोर बसवले. "ऐक. मी सांगितलं ते खरंच आहे. कार्ड हातात पाहिजे. पण माझ्या हातात. तू पाण्यात असशील तेव्हा ते मी धरणार. तू दोन्ही हात उघडायचे."

झरायाने विचार केला. ती स्वतःच्या आईवर गेली होती, कागद वाचल्याशिवाय सही न करणारी. "पण तू तर तिकडे कुंपणापाशी बसतेस. तिथून मला दिसणार कसं?"

"मग जवळ बसेन."

"किती जवळ?"

"काठापासून... दहा फुटांवर."

"माझा चष्मा ओला असतो, आजी. दहा फुटांवरचं नाही दिसत."

"पाच फूट."

"काठावर," झराया म्हणाली. "खोल काठावर. पाय पाण्यात सोडून. तरच मला पोहताना दिसेल. आणि हॅली म्हणते, काठावर बूट चालत नाहीत."

व्हर्लीनने आयुष्यात बाजारात भोपळ्याच्या भावावरून अनेकांना घाम फोडला होता, पण या सौद्यात तिची एकही चाल चालेना. "बरं," ती म्हणाली.

आठवडाभर झराया बैठकीतल्या तिवईवर पालथी पडून हवेत हात मारत होती. आजी समोरच्या भिंतीपाशी कार्ड धरून उभी. "बोटं!" आजी ओरडे. "उघडी!" नात ओरडे.

शुक्रवारी व्हर्लीन ओपलीनकडे केस करायला गेली. दर शुक्रवारी जात असे, चाळीस वर्षे. ओपलीन बालपणची मैत्रीण. तापवलेल्या लोखंडी कंगव्याने कुरळे केस सरळ करण्यात तिचा हात धरणारे गावात कोणी नव्हते.

"उद्या काठावर बसणार म्हणे तू," ओपलीन मागून म्हणाली. "पाय सोडून. रेनार्डच्या बायकोनं सांगितलं."

"या गावात कुणाच्या पोटात काही राहत नाही."

"अगं, मग आजचा दीड तास मी कशाला खर्ची घालतेय? त्या पोरीनं एक लाथ मारली की हे सगळं परत लोकरीसारखं. रविवारी चर्चमध्ये लोक मला विचारतील, ओपलीन, तुझी दृष्टी गेली का?"

"टोपी घालीन."

"टोपी घालते म्हणे." कंगवा कानाजवळून सरकला. "कान धर. हलू नकोस."

कंगवा दुसऱ्या कानाशी आला तेव्हा ओपलीन म्हणाली, "मला अजून ते ट्रक आठवतात."

व्हर्लीनलाही तेच आठवत होते. गावाचा जुना तलाव, निळ्या फरशीचा. त्यात त्यांच्यापैकी, काळ्यांपैकी, कोणी कधी पाय घातला नव्हता; कुंपणाच्या जाळीतून बघण्यापुरता तो त्यांचा होता. १९६४च्या उन्हाळ्यात कोर्टाने सांगितले, तलाव सगळ्यांना खुला करा. गावच्या पंचांनी त्यावर दोन दिवस विचार केला आणि तलाव मातीने भरून टाकला. चार दिवस लाल मातीचे ट्रक येत होते. ओपलीन, व्हर्लीन आणि व्हर्लीनचा तेरा वर्षांचा भाऊ ओडेल समोरच्या भिंतीवर बसून बघत होते. ओडेलने जुनी विजार कापून पोहण्यासाठी तयार ठेवली होती. "एवढी माती टाकण्यापेक्षा," तो म्हणाला होता, "आम्हाला आंघोळ करून या म्हणाले असते तर आलो असतो की." तिघे पोट धरून हसले होते.

दोन आठवड्यांनी तो तीच विजार घालून नदीवर गेला. अकरा वर्षांच्या व्हर्लीनला त्याने वळणावरच्या दगडावर बसवले आणि आपले बूट तिच्या मांडीवर ठेवले. "सांभाळ हं. ओले झाले तर आई मारील." संध्याकाळी लोकांनी त्याला पाण्यातून बाहेर काढले आणि तिला घरी नेले तेव्हाही बूट तिच्या हातांत होते. कोरडे.

"लायब्ररीपुढं गाडी लावते ना मी," ओपलीन म्हणाली, "तर त्या निळ्या फरशीची कड अजून दिसते डांबरातून. दर वेळी मी चाक बरोबर तिच्यावर नेऊन ठेवते."

"का?"

"काय माहीत. बरं वाटतं." तिने आरसा पुढे धरला. "झालं. राणी दिसतेस. उद्या याचं वाटोळं करून ये."

शनिवारी तलावावर गर्दी होती. मॅडी आणि तिच्या मैत्रिणी हिरव्या पट्ट्या मिरवत खोल पाण्यात किंचाळत होत्या. हॅलीने शिट्टी वाजवून सगळ्यांना बाहेर काढले. उथळ टोकाला झराया उभी होती, दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरून. रिकाम्या हातांचे काय करायचे ते तिला सुचत नसावे.

व्हर्लीनने खुर्चीतच बूट काढले, मोजे काढून बुटांत खोचले, आणि ती चालू लागली. तापलेली फरशी तळव्यांना चटके देत होती. काठाशी आली तेव्हा खालचे पाणी गडद निळे दिसत होते, आणि तळाशी उन्हाच्या जाळ्या हलत होत्या. पाण्याकडे न बघता, आधी एक हात, मग दुसरा टेकवत, एखाद्या उंच भिंतीवरून उतरावे तशी ती खाली बसली. मग डावा पाय. मग उजवा.

पाणी थंड नव्हते. याचेच तिला नवल वाटले. पंचावन्न वर्षे ती त्याला थंड समजत आली होती.

तिने कार्ड छातीशी, दोन बोटांत, दिसेल असे धरले. दूरवर झरायाने चष्मा पुसला, पाहिले आणि मान हलवली. शिट्टी वाजली.

पहिले दहा हात सरळ. व्हर्लीन मोजत होती. अकरा, बारा. पाण्याचा रंग बदलतो ती जागा आली. उजवा हात वर आला, ओला, काळाभोर, चमकणारा, आणि त्याची पाचही बोटे हवेत होती. तेरा. नात श्वास घ्यायला वळली, तिचा एक डोळा चष्म्याच्या काचेमागून काठ शोधत होता. व्हर्लीनने कार्ड आणखी पुढे धरले. चौदा.

"माफ करा हं." मागून साखरेत घोळलेला आवाज आला. "व्हर्लीन, इकडच्या काठावर पाहुण्यांनी बसायचं नसतं. तुमच्याकडे कार्ड—"

एरवी ती उठली असती. एरवी ती वळली असती, हसली असती, पर्समधून घराचे कागदही काढून दिले असते. पण तिकडे हात वर येत होते आणि खाली जात होते, आणि मान वळवायची म्हणजे त्या हातांवरून नजर काढायची. या आयुष्यात एकदा ती सांभाळायला दिलेल्या वस्तूकडे पाहत बसली होती आणि पाण्याकडे तिने पाहिले नव्हते.

तिने न वळता कार्ड डोक्याच्या वर धरले.

"हे बघा," ती म्हणाली. "आणि आता शांत राहा. माझी नात पोहतेय."

मागे काय झाले, मिसेस स्टॅनफिल किती वेळ उभ्या राहिल्या, काही म्हणाल्या की नाही, हे तिला नंतरही आठवेना. तिला आठवत राहिले ते हे, की कार्ड वर गेले तसे पाण्यातल्या मुलीला ते अधिक स्पष्ट दिसले असावे, कारण तिने पाय जोरात झाडले, आणि वीस, एकवीस, बावीस, आणि तिचा उघडा पंजा व्हर्लीनच्या पायाच्या बाजूला फरशीवर सपकन आपटला. पाण्याचा मोठा लोट उठला आणि व्हर्लीनच्या डोक्यावरून ओपलीनचा दीड तास खाली वाहून गेला.

"एक मिनिट!" हॅली ओरडली. "काठ सोड, तरंगत राहा! एक मिनिट!"

झराया काठापासून मागे सरली. तोंड वर, हात बाजूला, आजीकडे डोळे. साठ सेकंद हॅली घड्याळ बघत होती आणि आजी-नात एकमेकींना बघत होत्या. आजीच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी टपकत होते. ते तिने पुसले नाही.

मग शिट्टी. हॅलीने काठावर वाकून झरायाच्या मनगटावर हिरवी पट्टी चढवली आणि टोक दाबून बंद केले. मॅडीने लांबून "झरायाऽऽ!" अशी हाक मारली. ती मघापासून टाळ्या वाजवत होती की आत्ताच लागली होती, कोण जाणे.

झरायाने पट्टी ओढून पाहिली. "ही निघत नाही?"

"नाही," हॅली म्हणाली. "कात्रीनं कापावी लागते."

"पाण्यात पडत नाही?"

"अजिबात नाही."

झरायाने आजीकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर मोठ्या सुटकेचे हसू पसरले. "मग आता मला कार्ड लागणारच नाही ना, आजी? आता सगळ्यांना दिसेल."

व्हर्लीनला ठाऊक होते, पट्टी फक्त एवढेच सांगते की या मुलीला पोहता येते. ती इथली आहे हे पट्टी सांगत नाही, आणि दारावर जे विचारतात ते पहिल्याबद्दल विचारत नाहीत. हे सांगावे लागणार होते. परत एकदा गाडीत, तोंड हातांत धरून. या वेळी निराळ्या शब्दांत. पण ते शब्द तिच्यापाशी अजून नव्हते. सोमवारी तलाव बंद होणार होता. मे महिना लांब होता.

"आज नाही लागणार," ती म्हणाली. "माझ्याकडे आहे. तू जा."

झरायाने पायाने काठाला धक्का दिला आणि ती खोल पाण्याच्या मध्यावर गेली, जिथे आजवर ती नुसती बघत असे. "आजी, बघ!" ती ओरडली. "बघ, दोन्ही!" आणि तिने दोन्ही हात पाण्याबाहेर काढून, बोटे फाकवून, आजीला दाखवले. साहजिकच ती सरळ खाली गेली. पाणी तिच्यावर मिटले.

व्हर्लीनने श्वास रोखला. कार्ड मांडीवर पडले की फरशीवर, हे तिने पाहिले नाही. एक. दोन. तीन. पाण्याखाली हिरवी पट्टी हलली, वर येऊ लागली, आणि मग ओल्या वेण्या, चष्मा, आणि हसून हसून ठसका लागलेले तिच्या नातीचे तोंड वर आले.